शेजारच्या सरांची पिवळी भुकटी

सूर्याला कामाला लावायचंच असं मनावर घेतलेला एकच माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला, आणि तो आमच्या भिंतीपलीकडच्या खोलीत राहायचा. आता तुम्ही म्हणाल, सूर्य काय रिकामा बसलाय का, पापड वाळवतो, कपडे वाळवतो, गहू वाळवतो. मीही त्यांना हेच म्हणाले होते. तर गंभीर चेहरा करून म्हणाले, “वहिनी, एवढा मोठा माणूस रोज आपल्या दारात येऊन उभा राहतो आणि आपण त्याच्याकडून पापड वाळवून घेतो. लाज वाटते मला.” नाव काही मी त्यांचं सांगणार नाही, त्यांना आवडायचं नाही ते. सगळी चाळ त्यांना सर म्हणायची, मीही सरच म्हणते.

ही गोष्ट ऐंशीनंतरच्या वर्षांतली. घाटकोपरला टेकडीच्या उतारावर आमची चाळ. आम्ही मूळचे कोकणातले. आमचे हे आधी मिलमध्ये होते, मग ते सुटलं आणि एका कारखान्यात पॅकिंगला लागले. सर शेजारी एकटेच राहायचे. वय तिशीच्या आतबाहेर, अंगावर मांस म्हणून नाही, आणि शर्ट कुठलाही घालोत, पोटापाशी ॲसिडनं पडलेली दोन-चार भोकं ठरलेली. मुलुंडच्या एका कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवायचे, पण टेंपररी. डॉक्टरेट झाली की कायम करू, असं कॉलेजनं सांगितलेलं. म्हणून शिकवणं संपलं की तिथल्याच प्रयोगशाळेत त्यांचं ते सूर्याचं काम चालायचं, आणि रविवारी तेच काम आमच्या गॅलरीत यायचं. कपडे वाळत घालायच्या दोरीवर इकडे यांचे लेंगे, तिकडे माझे परकर आणि मधोमध चिमट्यांना लटकवलेल्या सरांच्या काचेच्या नळ्या. ऊन सरकलं की नळ्या सरकायच्या, नळ्या सरकल्या की कपडे सरकायचे. दुपार होईपर्यंत माझे परकर पार शेवटच्या खोलीपुढे जाऊन पोचलेले. तिथली म्हातारी ते घडी करून आणून द्यायची आणि म्हणायची, “घे गं, सूर्यानं पाठवलेत.”

त्यांचं काम नेमकं काय ते त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की आज झोपेतून उठवलंत तरी सांगेन. एक पांढरीशुभ्र भुकटी असते, टिटॅनियमची, भिंतीच्या पांढऱ्या रंगात घालतात तीच. ती पाण्यात टाकून उन्हात ठेवली की पाणी फोडू शकते. फोडते म्हणजे पाण्यातले दोन वायू वेगळे करते, आणि त्यातला एक जळतो, चुलीत जाळावा तसा. पण ही भुकटी मोठी नखरेल. उन्हात एक न दिसणारा जहाल भाग असतो, थोडासाच, तेवढ्यावरच ती काम करणार. बाकी डोळ्यांना दिसणारं सगळं लख्ख ऊन ती तसंच परत फेकते, म्हणून तर पांढरी दिसते. “ताटभर जेवण वाढलंय आणि ही बाई फक्त लोणचं चाटून उठते,” सर म्हणायचे. तर तिला पोटभर जेवायला शिकवायचं. तिच्यात कणभर दुसरं काही मिसळायचं, लोखंड म्हणा, क्रोम म्हणा, निकेल म्हणा, आणि भट्टीत भाजून तिला रंग आणायचा. रंग आला म्हणजे ती दिसणारं ऊन खायला लागली. मला हे चटकन कळलं, कारण पांढरी साडी उन्हात बरी आणि गडद साडी तापते, हे बाईमाणसाला वेगळं शिकवावं लागत नाही.

रॉकेलच्या रांगेत ते डबा घेऊन आमच्याबरोबर उभे राहायचे आणि सगळ्या बायकांना धीर द्यायचे. “थोडी वर्षं थांबा. हंड्यातलं पाणी आणि गॅलरीतलं ऊन, एवढ्यावर तुमची शेगडी पेटेल.” मागून कुणीतरी म्हणायचं, “सर, आधी हंड्यात पाणी येऊ दे ना, फोडायचं नंतर बघू.” ते रागवायचे नाहीत. खिशातून कागद काढून आकृती काढायला लागायचे, आणि रांग पुढे सरकली तरी ते तिथेच, डबा दोन पायांच्या मध्ये आणि कागद भिंतीवर. माहुलहून मासे घेऊन येणारी आमची कोळीण तर त्यांना बघून टोपली खाली ठेवायचीच. “सर, पानी सगला फोरून टाकशील तं आमची होरी कंच्या पान्यावं चालंल?” सरांनी तिलाही नीट उत्तर दिलं. म्हणाले, मावशी, समुद्राला धक्का लागणार नाही, तेवढं मी बघतो. ती निर्धास्त होऊन बोंबील मोजायला लागली.

बरं, या माणसाची खरी गंमत अजून सांगितलीच नाही. माझ्या धाकट्या दिराची हळद होती. नवरदेव कपाळापासून पायापर्यंत नुसता हळदीनं माखलेला, बायका गाणी म्हणतायत, आणि सर माझ्याजवळ येऊन हळूच विचारतात, “वहिनी, हळद कधी लागणार? मला पुढे कॉलेजात जायचंय.” मला वाटलं थट्टा करतायत. तोंडाकडे पाहिलं तर थट्टेचा मागमूस नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांना दारात गाठलं आणि माझ्या हातातल्या दोन साड्या पुढे धरल्या, एक निळी, एक हिरवी. म्हटलं, यातली हिरवी कुठली? त्यांनी पुष्कळ वेळ पाहिलं आणि म्हणाले, “दोन्ही एकाच ताग्यातल्या ना?” मग खोलीत आले, पाटावर बसले आणि सगळं सांगितलं. जन्मापासूनच तसं होतं. निळा-हिरवा एकच वाटायचा, आणि पिवळा तर भडक असला तरी भलताच काहीतरी दिसायचा आणि फिका असला की पांढराच.

म्हणजे बघा. जन्म घातलेला पांढरी भुकटी पिवळी करण्यात, आणि ती पिवळी झाली की नाही हेच सरांना दिसत नाही. रंग मोजायचं यंत्र कॉलेजात होतं, पण ते पातळ वस्तूंसाठी, भुकटीपुढे तेही सरांसारखंच. मला हसू आवरेना. तेही हसले, पण मग म्हणाले, “वहिनी, कॉलेजात कुणाला माहीत नाही. पोरांचे प्रयोग तपासणाऱ्या मास्तरालाच रंग दिसत नाही म्हटल्यावर मला कायम कोण करणार? तुमच्या पोटात ठेवा.” मी ठेवलं. आमच्या यांना तेवढं सांगितलं, कारण यांच्यापासून काही लपवलं की मला जेवण जात नाही.

आता मी काय करायचे ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी साड्यांना फॉल-बिडिंग करायचे. साडीच्या खालच्या काठाला आतून सुती पट्टी लावतात तो फॉल. त्याचा रंग साडीशी तंतोतंत जुळला पाहिजे, नाहीतर चालताना पट्टी डोकावते आणि गिऱ्हाईक साडी तोंडावर आणून टाकतं. मॅचिंग सेंटरमध्ये एका पिवळ्याचे पंचवीस फॉल असतात. लिंबू, केतकी, हळदी, आंबा, मोतिया, साय. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळेच जुळतात आणि घरी आलं की एकही जुळत नाही. म्हणून मी फॉल घेऊन रस्त्यावर उतरायचे, दिवसाउजेडी धरायचे, मगच घ्यायचे. दुकानदार म्हणायचा, “ही बाई आली की माझं अर्धं दुकान फुटपाथवर जातं.” शिवाय कुठला रंग पक्का आणि कुठला कच्चा हे बघायची माझी पद्धत होती. फॉलच्या तुकड्यावर अर्ध्या भागात पुठ्ठा ठेवायचा, तुकडा दोन दिवस कडक उन्हात टाकायचा. मध्ये रेघ दिसली की रंग कच्चा, तो फॉल परत.

सरांनी हे सगळं शेजारी राहून पाहिलेलं होतं. एका संध्याकाळी ते खिशातून चिमटीएवढ्या सहा बाटल्या घेऊन आले आणि म्हणाले, “वहिनी, रंग सांगा.” मी म्हटलं, आता नाही, सकाळी. दिव्याखाली मी रंग सांगत नाही. त्यांना इतका आनंद झाला म्हणून सांगू. “हेच. उजेडावर विश्वास नसलेलं माणूस मी कधीपासून शोधतोय.” सकाळी गॅलरीत मी एकेक बाटली धरून सांगितलं. ही दुधाची साय. ही ताकात हळद उडालेली. ही कच्च्या फणसाच्या गऱ्यासारखी. सर भराभर लिहीत होते आणि मध्येच थांबले. वही माझ्यापुढे सरकवली. “तुम्ही बघितलंत, तुम्हीच लिहा.”

मी चौथीतून शाळा सोडलेली. गिऱ्हाईकांच्या वहीत नाव आणि साडीचा रंग, एवढंच माझं लिखाण. मी नको नको म्हणत होते. म्हणाले, “मी लिहिलं तर ते ऐकीव होतं. शुद्धलेखन चुकू दे, रंग चुकायला नको.” तिथून ते सुरू झालं. तारीख, बाटलीचा नंबर, आणि माझे शब्द. पहिल्या पानावर मी ‘साय’ एवढाच शब्द लिहिला होता. वर्षभरानं मी ‘दसऱ्याला उरलेल्या झेंडूच्या पाकळीचा, देठाकडचा, सुकत आलेला’ असं लिहायला लागले. ते वाचून सर म्हणायचे, वहिनी, अजून थोडं सांगा, सकाळचा झेंडू की संध्याकाळचा? मी वैतागून म्हणायचे, सर, मला भाकरी टाकायचीय. तरी लिहायचे. मला लिहिता येतं, मी जे बघते ते कागदावर उतरू शकतं, हे मला कुणी शाळेत सांगितलं नव्हतं. आज तुम्ही हे वाचताय ना, त्याची बाराखडी त्या वहीत आहे. शिवणकामातली सवय म्हणून मी आणखी एक करायचे. फॉलचा तुकडा टाचणीनं वहीला टोचून ठेवतात तशी प्रत्येक भुकटीची चिमूट बटरपेपरच्या पुडीत घालून त्या त्या पानाला टोचून ठेवायचे. सर म्हणायचे कशाला. मी म्हणायचे, राहू दे, पुन्हा तसाच लागला तर दाखवायला बरा.

अशा पाऊणशे बाटल्या झाल्या असतील. रंग यायचा, पण पाणी काही फुटायचं नाही. उन्हातला तो जहाल भाग अडवणारी एक काच होती, ती नळीपुढे लावून सर तासन् तास बसायचे, आणि नळीत बुडबुडा नाही. मग त्यांनी अमोनियाचा वायू सोडून भुकटी भाजली. तिचा रंग असा सुंदर आला होता की बाटली मला परत द्यावीशी वाटेना. मी लिहिलं, ‘सोनचाफा, फिका, उमललेला, पहिल्या दिवसाचा’. आणि आठ दिवसांनी सर संध्याकाळी पेढे घेऊन दारात. काच लावूनसुद्धा नळीत बुडबुडे आले होते. एकदा नाही, सलग चार दिवस.

त्या दिवशी चाळीत कुणाचं लग्न असावं तशी धावपळ. बायकांनी विचारलं, सर, शेगडी कधी? सर म्हणाले, शेगडी लांब आहे, पण रस्ता सापडला. त्यांच्या गाईडनी, म्हणजे ज्यांच्या हाताखाली ते डॉक्टरेट करत होते त्यांनी, लगेच लिहून काढायला सांगितलं होतं. सरांची मुदत महिन्यावर आलेली. प्रबंध त्या महिन्यात गेला तर डॉक्टरेट, डॉक्टरेट तर नोकरी कायम. नाहीतर कॉलेज दुसरा माणूस घेणार, तसं स्पष्ट सांगितलेलं. बुडबुडे पेटवून बघण्याइतके जमायचे नाहीत, आणि कुठला वायू आहे हे ओळखायचं यंत्र लांबच्या एका मोठ्या संस्थेत होतं आणि तिथे नंबर लागायला कितीतरी महिने. गाईड म्हणाले, बुडबुडे पाण्यातूनच येतायत, दुसरे येणार कुठून?

मी आपली बाईमाणूस. म्हटलं, सर, त्या गुणी भुकटीतली चिमूटभर द्या, देवापुढे ठेवते. घरात नवीन काही आलं की आधी देवापुढे ठेवायचं, तसं. त्यांनी उन्हात काम केलेली, नळीतून काढून वाळवलेली भुकटी पुडीत बांधून दिली. एरवी ते मला भाजलेली, कोरी भुकटीच दाखवायचे. काम करून आलेली मी कधी पाहिलीच नव्हती. गुरुवारची सकाळ होती. देवापुढे ठेवायला पुडी उघडली आणि माझा हात थांबला. हा माझा सोनचाफा नव्हता. वही काढली, पानाची पुडी सोडली, दोन्ही घेऊन गॅलरीत गेले. इकडून धरलं, तिकडून धरलं. ओली असेल म्हणून तव्यावर कोरडी केली. नाही. हळदीचं बोट लागलेला पांढरा रुमाल दोनदा धुवावा, तसा रंग होता. भुकटीचा रंग उतरला होता.

यांना दाखवलं. यांनी दोन्ही पुड्या बघितल्या आणि म्हणाले, “असात थोडो फरक. मग?”

“मग म्हणजे? रंग गेला कुठे? काहीतरी निघून गेलंय तिच्यातून.”

“गप रव गो. तुका फॉल लावता येता, सायन्स नाय. त्या पोराची नोकरी आता खंय पक्की होता हा, आणि तू रंग घेऊन बसलंस.”

यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मिल सुटल्यावर दुसऱ्याच्या दारात उभं राहणं काय असतं ते यांना ठाऊक होतं. मी सरांच्या दारात गेले नाही. वहीत मात्र लिहिलं, कारण हाताला सवय लागली होती. तारीख घातली, नंबर घातला, ‘रंग उतरला’ लिहिलं, आणि वही पिठाच्या डब्यामागे ठेवली. दिवसभर एकाही साडीला टाका सरळ पडेना.

शुक्रवारी सकाळी सर वही न्यायला आले, प्रबंधाला जोडायची म्हणून. मी वही दिली आणि सांगितलं. “सर, तुमचा रंग कच्चा आहे.” त्यांना वाटलं मी शर्टाबद्दल बोलतेय. पुड्या दाखवल्या. त्यांना दोन्ही पांढऱ्याच. “उन्हात धरून बघितलंत?” बघितलं. “सावलीत?” तिथेही बघितलं. “परत बघा.” मी परत बघितलं. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला वाटलं, खोटं बोलावं. पण नाही बोलवलं. सर कठड्याला टेकून उभे राहिले आणि स्वतःशीच म्हणाले, “म्हणजे ती पाणी फोडत नव्हती. भट्टीत अमोनियातलं जे खाल्लं तेच ओकत होती. बुडबुडे तिचे स्वतःचे.” मग चप्पल घातली. “चला वहिनी. हे गाईडना तुम्हालाच सांगावं लागेल.”

मी माझी बरी साडी नेसून मुलुंडला गेले. मला बाहेरच्या बाकावर बसवून सर आत गेले. आतलं सगळं ऐकू येत होतं.

“अरे, वेड लागलंय का तुला? टायपिंग निम्मं झालंय. कोण म्हणतं रंग गेला?”

“आमच्या शेजारच्या वहिनी. साडीला फॉल लावतात.”

“आणि तू? तुला डोळे नाहीत?”

“नाहीत सर. मला पिवळा दिसत नाही.”

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मग गाईड म्हणाले, “पाच वर्षं माझ्याकडे काम करतोस. सांगितलं नाहीस कधी.”

“तुम्ही कायम करायला नाही म्हटलं असतंत.”

मला आत बोलावलं. गाईड म्हणजे जाड चष्मा, पांढरे केस, माणूस वाईट नव्हता, फक्त घाबरला होता. त्यांनी टेबलावर नऊ बाटल्या मांडल्या, नंबर तळाशी चिकटवलेले. म्हणाले, “बाई, फिक्याकडून गडदाकडे लावा.” मी म्हटलं, आधी तो ट्यूबलाइट बंद करा आणि टेबल खिडकीशी घ्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतः उठून टेबलाचं एक टोक धरलं, दुसरं सरांनी धरलं. मी बाटल्या लावल्या. दोन बाजूला काढल्या आणि म्हटलं, या दोन एकच आहेत, तुम्ही एका बाटलीच्या दोन केल्यात. शेवटची उचलून म्हटलं, ही उन्हात जाऊन आलेली, बाकीच्या गेलेल्या नाहीत. गाईडनी एकेक बाटली उलटी करून नंबर पाहिले. चष्मा काढला आणि पुसत राहिले.

मी म्हटलं, माझ्या सांगण्यावर जाऊ नका. आम्ही फॉलचा करतो तसं करा. कोरी भुकटी काचेवर पसरा, वर पाणी, अर्ध्यावर काळा कागद, आणि ठेवा तुमच्या त्या काचेमागे उन्हात. केलं त्यांनी. दोन दिवसांनी मला पुन्हा नेलं. कागद उचलला तर मधोमध रेघ, घड्याळाच्या पट्ट्यानं मनगटावर पडते तशी. गाईडनी पाहिली, मान हलवली आणि काच सरांपुढे सरकवली. सरांनी ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. त्या खोलीत ती रेघ न दिसणारे तेवढे एकटेच. मला विचारलं, “दिसतेय का वहिनी?” मी म्हटलं, “दिसतेय.” त्यांनी काच खाली ठेवली आणि टाईप झालेले कागद टेबलावरून उचलून पिशवीत घातले.

मुदत गेली. कॉलेजनं दुसरा माणूस घेतला. डॉक्टरेट त्यांना पुढे मिळाली, दोनेक वर्षांनी, भुकटीचा रंग का टिकत नाही याच विषयावर, पण तोवर ते घाटकोपर सोडून कोकणातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात गेले होते. जायच्या दिवशी चाळीतल्या बायकांनी त्यांची खोली आवरून दिली. हे स्वतः त्यांची ट्रंक खाली उतरवून आले आणि गॅलरीत उभे राहिले. सर वही मला द्यायला आले. मी विचारलंच. “सर, माझ्यामुळे तुमची नोकरी गेली. राग नाही ना?”

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, छे छे. सर म्हणाले, “वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? पण ते भुकटीचं वाटलं. तुमचं वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. वहीत तारीख गुरुवारची आहे, आणि मला सांगितलंत शुक्रवारी.”

माझी मान वर होईना. म्हणाले, “एक दिवसच. पण तो दिवसभर मी खूप आनंदात होतो. तुम्हाला माहीत असताना.” आणि मग मला वाईट वाटू नये म्हणून लगेच हसून म्हणाले, “वही तुमच्याकडे ठेवा. अजून बरीच पानं कोरी आहेत. भुकटीचंच लिहिलं पाहिजे असं नाही.” त्या कोऱ्या पानांवर मी लिहीत राहिले, ती संपल्यावर दुसऱ्या वह्या आणल्या. माणसं लिहिली, चाळ लिहिली. जसं दिसलं तसं, त्या दिवसाचं त्या दिवशी.

गेल्या महिन्यात त्यांचं पत्र आलं, बरोबर कापसात गुंडाळलेल्या तीन बाटल्या. रिटायर होऊन किती वर्षं झाली, पण हात स्वस्थ नाही. लिहिलं होतं, नवीन तऱ्हेनं भाजली आहे, इथे कुणाच्या डोळ्यांवर भरवसा नाही, वहिनी, रंग सांगा. मी बाटल्या घेऊन खिडकीत बसले. तिन्ही पिवळ्या. मग भिंतीकडे पाहिलं, तीही पिवळी. पांढरा पदर डोळ्यांपुढे धरला, तोही. मोतीबिंदू झालाय दोन्ही डोळ्यांत, डॉक्टर कधीचे सांगतायत. मी तेव्हाच कार्ड काढलं आणि त्याच दुपारी नातीकडून पोस्टात टाकलं. लिहिलं, सर, आता मला सगळंच पिवळं दिसतं, माझ्या शब्दावर जाऊ नका, दुसरं कुणी शोधा.

आठ दिवसांत उत्तर आलं. अक्षर आता थरथरतं त्यांचं. “ऑपरेशन करून घ्या. मी थांबतो. तोवर बाटल्या अंधारात ठेवा.”

बाटल्या कपाटात ठेवल्या आहेत, साड्यांच्या घडीमध्ये. डाव्या डोळ्याची तारीख घेतली आहे.